त्र्यंबकरावांनी नापास केलेला चेनसॉ

कुणाची जुनी गाडी बघायला गेले की त्र्यंबकराव खिद्रापुरे आधी काही विचारत नसत. बॉनेट उघडायला लावायचे आणि ताप बघावा तसा इंजिनावर तळहात टेकवायचे. इंजिन गार लागलं तर पुढची बोलणी. कोमट लागलं तर हात मागे घेऊन विकणाऱ्याकडे असं बघायचे की त्यानेच नजर चुकवावी. मग आमच्याकडे वळून मराठीत सांगायचे, "आपण यायच्या आधी ह्याने सुरू करून ठेवली आहे. म्हणजे सकाळी गार असताना ती सुरू होत नाही. चला." आणि खरंच चालायला लागायचे.

ही गोष्ट शहाऐंशी सालच्या वसंतातली. अमेरिकेतल्या आमच्या कॅरी गावात तेव्हा मराठी घरं बोटांवर मोजण्याइतकी होती. शेजारच्या रॅली शहरात दर ऑगस्टमध्ये पाच-सहा मुलं पुण्याहून, नागपुराहून शिकायला येत आणि महिन्याभरात प्रत्येकाला जुनी गाडी लागे. त्र्यंबकरावांनी पास केल्याशिवाय ती कुणी घेत नसे. मोबदला म्हणून ते एक कप चहा घेत, तोही आलं घातलेला असेल तर. एकदा एका मुलाने त्यांना न विचारता एक लालभडक गाडी घेतली आणि तिसऱ्या आठवड्यात ती हायवेवर बसली. त्र्यंबकराव तिथे गेले, गाडी ओढून आणायची व्यवस्था केली, पण त्या मुलाशी दिवाळीपर्यंत धड बोलले नाहीत.

ही विद्या त्यांनी पुस्तकातून घेतलेली नव्हती. इचलकरंजीत त्यांच्या मामाचा यंत्रमागाचा कारखाना होता आणि सोळाव्या वर्षापासून ते तिथे राबले होते. चोवीस माग एकदम धडधडत असताना कुठला बिघडायच्या बेतात आहे हे ते दारातून ओळखत, असं त्यांची बायको संध्या सांगते. पुढे रॅलीला टेक्स्टाइल शिकायला आले आणि इथल्याच एका धाग्यांच्या प्रयोगशाळेत चिकटले. मी, सुमेधा, त्यांच्या पलीकडच्या गल्लीत राहते. माझी औषधांची कंपनी त्यांच्या ऑफिसशेजारी, त्यामुळे सात वर्षं आम्ही एकाच गाडीने कामाला जात होतो. गाडी माझी. कारण त्र्यंबकराव गाडी चालवायला बसले की त्यांचे कान इंजिनात असतात आणि वळणं मागे पडतात. शेजारी बसले तरी सुख नाही. "सुमेधाबाई, डावीकडचं मागचं बेअरिंग बोलायला लागलंय," असं सकाळी साडेसातला ऐकून बघा, म्हणजे माझ्या सात वर्षांची कल्पना येईल. बेअरिंग खरंच खराब निघायचं, ह्याचा मला जास्त राग यायचा.

तर वीणा. ही त्यांची एकुलती एक मुलगी. तिने फॉरेस्ट्री शिकायचं ठरवलं तेव्हा आमच्या मंडळींनी तोंडात बोटं घातली, कारण बाकी सगळ्यांची मुलं डॉक्टर तरी होत होती नाहीतर कॉम्प्युटरमध्ये तरी जात होती. त्र्यंबकराव मात्र खूश. त्यांच्या डोळ्यांसमोर आला तो आपल्याकडचा जंगलखात्यातला बडा साहेब: खाकी कपडे, जीप, नदीकाठचा डाकबंगला, दारात शिपाई. गणपतीत भेटेल त्याला सांगत सुटले, "वीणा फॉरेस्ट ऑफिसर होणार." वीणाने एकदोनदा "बाबा, इट्स नॉट लाइक दॅट," असं म्हणून बघितलं आणि मग नाद सोडला.

तिसऱ्या वर्षाच्या मार्चमध्ये ती एक कागद घेऊन घरी आली. बूनजवळच्या डोंगरात झाडं विरळ करणाऱ्या एका टोळीबरोबर दहा आठवड्यांचं काम. मुली दोनच घेणार होते, त्यातली ही एक. जूनमध्ये सुरुवात आणि प्रत्येकाने स्वतःचा चेनसॉ, म्हणजे झाडं कापायची पेट्रोलवरची करवत, आणायचा. वीणा आनंदाने नाचत होती. संध्या मला नंतर म्हणाली, "अगं, ह्यांनी तो कागद तीनदा वाचला आणि काही न बोलता बागेला पाणी घालायला गेले. पाऊस पडत होता."

त्यांना नाही म्हणायचं होतं. पण नाही म्हणायचं तोंड नव्हतं, कारण आपल्या मुलीचं सगळ्या गावभर कौतुक तेच करून आले होते. शिवाय ते स्वतः मामाच्या मनाविरुद्ध अमेरिकेला आलेले. त्यामुळे मूग गिळून बसले आणि पुढच्या रविवारी वीणाला म्हणाले, "नवा सॉ कशाला? जुना चांगला मिळतो. मी बघून देतो." वीणाने त्यांच्या गळ्यात हात टाकले. बाबांनी पास केलेलं यंत्र म्हणजे प्रश्नच मिटला. शनिवारी ती रोपवाटिकेत काम करायची, हॉस्टेलवरून घरी यायची ती रविवारी जेवायला. म्हणून सॉ बघायला जायचं ते त्र्यंबकराव आणि सारथी म्हणून मी. माझे यजमान नरेंद्र शनिवारी टेनिसमध्ये मग्न असत, त्यामुळे मला सबब सांगायलाही जागा नव्हती.

चेनसॉ कसा बघायचा हे मी तेव्हा शिकले आणि आता कुणी विचारलं तर सांगू शकते, फक्त कुणी विचारत नाही. पहिला तो तळहात. मग दोरी. सॉ नुसता दोरीच्या मुठीला धरून उचलायचा. भसकन खाली गेला तर आत दाब उरलेला नाही, अडखळत अडखळत उतरला तर दम आहे. मग धूर जातो तिथलं झाकण दोन स्क्रू काढून उघडायचं, बॅटरी मारून आतला पिस्टन बघायचा. त्यावर उभे ओरखडे असले की कुणीतरी पेट्रोलमध्ये तेल मिसळायला विसरलं होतं. मग चेन ज्या पात्यावरून धावते त्याची खाच बघायची. शेवटी सुरू करून टोक एका पुठ्ठ्यासमोर धरायचं. पुठ्ठ्यावर तेलाची रेघ उमटली तर चेनला तेल पोचतंय. पेट्रोल स्वतःचं न्यायचं, तेल मिसळून, विकणाऱ्याच्या डब्यातलं घ्यायचं नाही. त्र्यंबकरावांनी वाचनालयातून एक जुनं पुस्तक आणलं होतं आणि हे सगळं पाठ केलं होतं.

पहिला सॉ नापास झाला तो रास्त होता, इंजिन कोमट होतं. दुसऱ्याच्या पिस्टनवर ओरखडे होते, ते मीसुद्धा बघितले. तिसऱ्याला ते म्हणाले, "पात्याची खाच झिजली आहे." पातं बदलता येतं, हे मला त्यांनीच आदल्या शनिवारी सांगितलं होतं. चौथ्याला म्हणाले, "आवाजात मजा नाही." इथे मी कान टवकारले. मजा नाही म्हणजे काय? सात वर्षांत त्यांनी माझ्या गाडीला कधी असं मोघम बोललेलं नव्हतं. तिला नेहमी बेअरिंग, बेल्ट, प्लग, असं नाव घेऊन शिव्या दिल्या होत्या. पण म्हटलं, बापाचा जीव आहे, घेऊ देत वेळ. मे महिना निम्मा सरला. वीणा दर रविवारी विचारायची आणि दर रविवारी बाबा म्हणायचे, "चांगला मिळू दे, घाई नको." तिचा चेहरा उतरत चालला होता. संध्याने मला स्वयंपाकघरात गाठून सांगितलं, "सॉ मिळाला नाही तर ती जागा दुसऱ्या कुणाला देणार आहेत."

पाचवा सॉ पिट्सबरोच्या पुढे, मातीच्या रस्त्यावरच्या एका घरात होता. मिस्टर टिलरी नावाचे सत्तरीचे गृहस्थ. गुडघे गेल्यामुळे झाडं तोडणं बंद. त्यांनी शेडमधून पेटी आणली, उघडली, आणि मला यंत्रातलं फारसं कळत नसूनही मी "वा!" म्हटलं. अकरा वर्षांचा सॉ, पण आईने शाळेच्या पहिल्या दिवशी तयार केलेल्या मुलासारखा. त्र्यंबकरावांनी हात टेकवला. गार. दोरीला धरून उचलला. सॉ लोंबकळत राहिला, खाली यायचं नावच घेईना, आणि आला तो एकेक गचका खात. पिस्टन आरशासारखा लख्ख. तिसऱ्या झटक्याला इंजिन लागलं आणि पुठ्ठ्यावर तेलाची बारीक रेघ उमटली.

त्र्यंबकरावांनी डोळे मिटले. ते ऐकत असले की त्यांच्या चेहऱ्यावर जे येतं ते मला ठाऊक होतं. सुख. ते त्या दिवशी आलं. मग त्यांनी इंजिन बंद केलं, डोळे उघडले, चेहरा पुसून टाकल्यासारखा कोरा केला आणि म्हणाले, "सॉरी. कंप्रेशन कमी आहे." म्हणजे आत दाब नाही.

मिस्टर टिलरींनी वाद घातला नाही. फडक्याने सॉ पुसला, जिथे त्र्यंबकरावांची बोटं लागली होती तिथेही पुसला, आणि पेटी बंद केली. म्हणाले, "ठीक आहे, सर. तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळत असणार."

मला इतकी लाज वाटली की मी त्या म्हाताऱ्याला धड बायसुद्धा म्हटलं नाही. गाडीत बसले, दार आपटलं आणि निघाले. दोन मैल गेले. मग मला राहवेना.

"त्र्यंबकराव, खोटं बोललात तुम्ही."

"हो," ते म्हणाले.

मी भांडायला बाह्या सरसावून बसले होते. पण असा सरळ हो आला आणि माझी सगळी वाक्यं जागच्या जागी बसली.

"मुलीला जाऊ द्यायचं नाही तर तिला तसं सांगा ना. त्या बिचाऱ्याच्या यंत्राला कशाला नावं ठेवता? आणि मला दर शनिवारी कशाला फिरवता?"

ते खिडकीबाहेर बघत राहिले. मग बोलले ते इतकं हळू की मला गाडीचा वेग कमी करावा लागला. "मामाच्या कारखान्यात प्रल्हाद म्हणून एक होता. माझ्याच वयाचा, एकोणीस वर्षांचा. त्या दिवशी सकाळी त्याचा माग मी बघितला होता. तेल घातलं, पट्टा बघितला, ठीक आहे म्हणून सांगितलं. दुपारी त्याचा हात पट्ट्यात गेला. कोपरापासून. मी नंतर तो माग चार वेळा तपासला, सुमेधाबाई. ठीकच होता. काहीसुद्धा चूक नव्हती. तेव्हापासून मी यंत्रं तपासतो. आणि ह्या यंत्रात, खरं सांगू, काहीच सापडेना. म्हणून भीती वाटली."

सात वर्षं ह्या माणसाचे कान हा मला वैताग वाटत होता. मी रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली, कारण डोळ्यांपुढे जरा अंधुक झालं होतं आणि मला ते त्यांना दाखवायचं नव्हतं. मग तेच म्हणाले, "गाडी वळवा. त्या माणसाने काय घोडं मारलं होतं माझं?"

मिस्टर टिलरी अजून शेडच्या दारातच खुर्ची टाकून बसले होते. त्र्यंबकराव त्यांच्यासमोर उभे राहिले, शाळेत उभं राहावं तसे, आणि आपल्या इंग्रजीत म्हणाले, "मी खोटं बोललो. तुमचा सॉ उत्तम आहे. मी आजवर इतकं नीट ठेवलेलं इंजिन बघितलेलं नाही. मला तो माझ्या मुलीसाठी हवाय आणि मला तो नकोही आहे."

म्हाताऱ्याने पायाने दुसरी खुर्ची पुढे सरकवली. "किती वर्षांची?"

"वीस."

"मग तुम्हाला हवं की नको, ह्याला फारसा अर्थ नाही," मिस्टर टिलरी म्हणाले, आणि दोघेही हसले. घासाघीस झाली नाही. उलट चेनचे दात परजायच्या दोन कानशी त्यांनी वरून दिल्या आणि कशा फिरवायच्या ते दाखवण्यात अर्धा तास घालवला. मी डासांशी झुंजत उभी होते, पण त्या दिवशी मला त्याचं काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. संध्याने श्रीखंड केलं होतं, आम्हालाही बोलावलं होतं. नरेंद्रना टेनिसपेक्षा श्रीखंड प्रिय, ते आधीच जाऊन बसले होते. वीणा आली तेव्हा त्र्यंबकराव गॅरेजमध्ये होते. पेटी त्यांनी कामाच्या टेबलावर मधोमध ठेवली होती. वीणाने ती बघितली आणि जिन्यावरूनच किंकाळी फोडली. आम्ही सगळे मागोमाग गॅरेजमध्ये.

"उत्तम आहे," त्र्यंबकराव म्हणाले. "पिस्टन बघ, पातं बघ. सगळं तपासलंय. ह्याच्यात दोष काढून दाखव."

वीणाने सॉ उचलला. पिस्टन बघितला नाही, पातं बघितलं नाही. डावा हात पुढच्या मुठीवर ठेवला, मनगट पुढे ढकललं, हवेतच. परत ढकललं. मग सॉ फिरवून वरून बघितला, खालून बघितला, आणि टेबलावर हळूच ठेवला. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद हळूहळू मावळताना मला दिसला.

"बाबा," ती म्हणाली, "ह्याला चेन ब्रेक नाहीये."

"ते काय असतं?"

त्र्यंबकराव खिद्रापुरे यंत्राबद्दल "ते काय असतं" असं विचारताना मी पहिल्यांदाच ऐकलं. नरेंद्रनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांना डोळ्यांनी गप्प केलं.

"इथे पुढे एक गार्ड असतं. सॉ किक बॅक झाला ना, म्हणजे टोक कशाला लागलं तर तो असा उसळतो, सरळ फेसवर." वीणाने हात स्वतःच्या कपाळापर्यंत उडवून दाखवला. संध्याने मान फिरवली. "तेव्हा हात त्या गार्डला लागतो आणि चेन लगेच स्टॉप होते. जुन्या सॉजना नसतं. आमचा क्रू हा अलाव करणार नाही. अँड आय वोन्ट यूज इट आयदर. इव्हन इफ दे लेट मी." मग तिला वाटलं बाबांना वाईट वाटलं, म्हणून घाईघाईने म्हणाली, "इंजिन खूप मस्त आहे, बाबा. रिअली."

त्र्यंबकराव सॉकडे बघत होते. पुढच्या मुठीवरून त्यांनी आपला तळहात फिरवला, जिथे काहीच नव्हतं तिथे. "आधीच्या चारांतल्या दोन सॉंना होती तसली ढाल," ते म्हणाले. "मला वाटलं, भुसा उडू नये म्हणून असेल. पुस्तकात नव्हती. वीणा, मी उत्तम म्हटलं होतं. तू हा तसाच घेऊन गेली असतीस तर?"

"तुम्ही काहीही म्हटलं तरी मी चेक केलंच असतं," वीणा म्हणाली. उर्मटपणे नाही. दात घासते म्हणावं इतक्या साधेपणाने.

आता त्यांना राग येईल असं मला वाटलं. त्यांनी पास केलेलं यंत्र आजवर कुणी नापास केलं नव्हतं, आणि केलं ते त्यांच्या मुलीने, दोन कुटुंबांसमोर, दोन मिनिटांत. संध्यालाही तसंच वाटलं असावं, कारण ती "चला, पानं घेतली आहेत," असं म्हणून विषय मिटवायला पुढे झाली. पण त्र्यंबकरावांचा चेहरा मोकळा होत गेला. खांदे खाली आले. सॉ सुरू नव्हता, काही नव्हतं, आणि ते ऐकत असल्यासारखे मुलीकडे बघत होते. मार्चपासून त्यांनी तिच्या कामाबद्दल एक अक्षर विचारलं नव्हतं. टोळीत कोण आहे, राहायचं कुठे, जेवायचं काय, काहीही नाही. जणू विचारलं नाही तर ते होणारच नाही.

"किती तारखेला निघायचंय तुला?" त्यांनी विचारलं.

वीणाने आईकडे बघितलं, मग बाबांकडे. "जून सेकंड. मंडे आहे."

त्यांनी बोटांवर मोजलं. "म्हणजे मध्ये दोन शनिवार आहेत. रोपवाटिकेत रजा सांग. ह्या वेळी तू बघायचंस, मी नुसतं ऐकेन." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सुमेधाबाई, गाडी तुमची लागेल. वीणा पुढे बसेल."